आधी क्रेडिटचा तक्ता वाचा: हातकामाचं शिक्षण की संशोधनाचं, हे पुण्यात कसं ठरवावं

'इंडस्ट्री ओरिएंटेड' आणि 'रिसर्च बेस्ड' हे शब्द आज पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांच्या माहितीपत्रकांवर सापडतात, बऱ्याचदा एकाच पानावर. त्यांवर विसंबून प्रवेश घेऊ नये. अभ्यासक्रम कोणत्या बाजूचा आहे हे चार गोष्टींवरून कळतं: क्रेडिटचा तक्ता, शिकवणाऱ्यांची पार्श्वभूमी, प्रयोगशाळेतली लॉगबुकं, आणि मागच्या तीन वर्षांत बाहेर पडलेली मुलं आज कुठं आहेत. या चारही गोष्टी विद्यार्थ्याला स्वतःला तपासता येतात. त्यासाठी आठवडाभर फिरावं लागतं, प्रश्न विचारावे लागतात, थोडा संकोच सोडावा लागतो. दोन-तीन वर्षं आणि घरचे पैसे घालण्याआधी तेवढं करायलाच हवं.

दोन्हीकडचा रोजचा दिवस

हातकामाच्या शिक्षणात, म्हणजे व्यवसायाकडे नेणाऱ्या शिक्षणात, प्रश्न बहुधा दुसऱ्यानं दिलेला असतो. दर्जा ठरलेला असतो, मुदत ठरलेली असते, खर्चाची मर्यादा असते. शिकायचं असतं ते हे, की तेच काम शंभर वेळा केलं तरी शंभरही वेळा नीट व्हावं, आणि एकशेएकाव्या वेळी बिघडलं तर कुठं हात घालायचा ते कळावं. संशोधनाच्या शिक्षणात प्रश्न स्वतः मांडावा लागतो. आधी कोणी काय केलंय ते वाचावं लागतं, उत्तर येईल याची खात्री नसते, आणि आलेलं उत्तर त्या विषयातल्या इतर जाणकारांसमोर टिकवावं लागतं.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात ब्रेकचा भाग चाचणीत तडकला, तर तिथल्या इंजिनिअरला तो कोणत्या बॅचचा, साचा झिजला होता का, उष्णताप्रक्रियेत काय चुकलं, हे शोधून लाइन पुन्हा चालू करायची असते. तोच मिश्रधातू त्या तापमानाला का तडकतो, हा प्रश्न घेऊन बसणारा माणूस तीन वर्षं त्याच प्रश्नावर असू शकतो. औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणीच्या, विभागातला रसायनशास्त्रज्ञ फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, दिलेल्या पद्धतीनं एचपीएलसी या यंत्रावर नमुने तपासतो आणि प्रत्येक आकड्याखाली सही करतो. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, काम करणारा संशोधक ज्याला अजून पद्धतच नाही अशा अभिक्रियेमागे असतो. समाजकार्याची पदव्युत्तर विद्यार्थिनी वस्तीत जाऊन एका कुटुंबाचं रेशनकार्ड मार्गी लावते; समाजशास्त्राची विद्यार्थिनी त्याच वस्तीत कार्डं का अडतात याची मांडणी करते.

संशोधन वरचं आणि हातकाम खालचं, ही उतरंड डोक्यातून काढून टाकायला हवी. तिच्यामुळे दरवर्षी बरीच मुलं एम.एस्सी.ला बसतात आणि मग पीएच.डी.ला, कारण 'पुढचं' तेच वाटतं. उलटंही घडतं: ज्याला खरोखर एका प्रश्नात बुडून राहता येतं, त्याला घरचे 'आधी पॅकेज बघ' म्हणून कोर्सला घालतात. दोन्हीकडे नुकसान सारखंच.

काही विषयांत ही विभागणी टिकतच नाही. डेक्कन कॉलेजमधलं पुरातत्त्व घ्या. उत्खननात खड्डा सरळ धरणं, थर ओळखणं, खापरांची नोंद करणं हे निव्वळ हाताचं शिक्षण आहे, आणि त्याशिवाय संशोधन उभंच राहत नाही. अशा विषयात 'कोणत्या बाजूचा' हा प्रश्न सोडा आणि 'शिकवणारे उत्खननाच्या जागेवर नेतात का' एवढंच विचारा.

क्रेडिटचा तक्ता कसा वाचायचा

प्रत्येक अभ्यासक्रमाची रचना विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या संकेतस्थळावर असते. माहितीपत्रक नको, 'सिलॅबस स्ट्रक्चर' किंवा 'क्रेडिट फ्रेमवर्क' नावाची फाइल उघडा. हिशेब सोपा आहे: १ क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, ज्याला तक्त्यात ओजेटी लिहितात, तेही क्रेडिटला ३० तास या दरानंच मोजतात.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झाली. राज्याच्या आराखड्यात सत्राला साधारण २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १७६ असा हिशेब आहे. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ८८. या ८८ पैकी संशोधन पद्धती ४ क्रेडिट, ओजेटी किंवा क्षेत्र प्रकल्प ४, आणि संशोधन प्रकल्प दुसऱ्या वर्षी ४ आणि ६ मिळून १०.

आता हे तासांत बदला. ओजेटीचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. आठवड्याला ४० तास धरले तर तीन आठवडे. तीन आठवड्यांत कंपनीचं गेट पास, सेफ्टीचं प्रशिक्षण आणि यंत्रांची नावं एवढंच होतं. संशोधन प्रकल्पाचे १० क्रेडिट म्हणजे ३०० तास, पूर्ण वेळ धरलं तर साडेसात आठवडे. तेवढ्यात एखादी पद्धत हाताला बसते, प्रश्न सुटत नाही. म्हणजे नुसता आराखडा पाळणारी एम.एस्सी. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. विभाग आराखड्याच्या वर काय करतो यावरच सगळं अवलंबून असतं, आणि म्हणूनच तक्ता वाचून थांबून चालत नाही. पण तक्ता वाचल्याशिवाय काय विचारायचं हेही कळत नाही.

तुलनेसाठी काही टोकं लक्षात ठेवा. आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेच्या पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस. मध्ये पाचवं वर्ष प्रबंधाच्या संशोधनाचं असतं. दुसऱ्या टोकाला बी.व्होक., म्हणजे व्यावसायिक शिक्षणाची पदवी: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार त्यात ६० टक्के कौशल्याचा भाग आणि ४० टक्के सामान्य शिक्षण. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा पीजी-डॅक हा सुमारे सहा महिन्यांचा पूर्ण वेळ पीजी डिप्लोमा, ज्यात दिवसच्या दिवस वर्ग आणि लॅब चालते. बी.एड.च्या दोन वर्षांत २० आठवडे शाळांशी जोडलेलं काम. सीएच्या नव्या योजनेत दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी.

यावरून एक कच्चा मापदंड वापरता येतो. व्यवसायाभिमुख म्हणवणाऱ्या अभ्यासक्रमात निदान एक अख्खं सत्र खऱ्या कामाच्या जागी जायला हवं. संशोधनाभिमुख म्हणवणाऱ्यात शेवटच्या वर्षाचा निम्मा वेळ तरी एकाच प्रश्नावर जायला हवा. याच्या खाली असेल तर ते नाव आहे, शिक्षण नाही.

चौथ्या वर्षाबद्दल इथं सांगायलाच हवं, कारण गोंधळ इथंच सर्वांत जास्त होतो. चार वर्षांच्या पदवीला शेवटी दोन फाटे आहेत: 'ऑनर्स' आणि 'ऑनर्स विथ रिसर्च'. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण लागतात, आणि १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो, म्हणजे ३६० तास. पण कॉलेजला तो फाटा चालवायचा तर विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त गाईड असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. तुमच्या कॉलेजच्या तुमच्या विभागात ते नसतील, तर तुमचे गुण कितीही असोत, चौथ्या वर्षी तिथं फक्त 'ऑनर्स' मिळेल. हे पहिल्या वर्षी प्रवेश घेतानाच विचारा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विचारलं तर कॉलेज बदलण्याशिवाय हातात काही उरत नाही.

विभागात जाऊन काय पाहायचं

कामाच्या दिवशी, सकाळी अकरा ते चारच्या मध्ये जा. 'ओपन डे'ला जाणंही चांगलं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना पाहायला मिळतात, आणि ते जरूर पाहावं. पण त्या दिवशी उपकरणं दिसतात, रोजचं काम दिसत नाही.

पहिली गोष्ट लॉगबुक. प्रत्येक मोठ्या उपकरणाशेजारी एक वही असते: तारीख, वापरणाऱ्याचं नाव, नमुना, किती वेळ, काही बिघाड झाला का. ती पाहता येईल का, असं नम्रपणे विचारा. मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी पाहा. विद्यार्थ्यांची नावं रोज येत असतील तर उपकरण शिकण्यासाठी आहे. नोंदी फक्त कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याच्या आसपासच्या असतील, किंवा सगळ्या नोंदी एकाच तंत्रज्ञाच्या हातच्या असतील, तर विद्यार्थी लांबून बघतात. उपकरण बंद का आहे हेही विचारा. 'कॉलम संपला', 'हेलियम नाही', 'सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट संपलं' ही उत्तरं ऐकू येतात, आणि त्यांचा अर्थ असा, की विभागाकडे उपकरण घ्यायला पैसे होते, चालवायला नाहीत. संशोधनाला हे चालवायचे पैसेच जास्त लागतात.

दुसरी गोष्ट, मागच्या तीन वर्षांचे प्रकल्प अहवाल. ते विभागाच्या ग्रंथालयात असतात. शीर्षकं उतरवून घ्या. तेच शीर्षक दर वर्षी थोड्या फरकानं आलं असेल, संदर्भांची यादी दहा वर्षांपूर्वीच थांबली असेल, किंवा सगळे आलेख एकाच छापाचे असतील, तर प्रकल्प उरकले जातात. पीएच.डी.साठी जाणाऱ्यांनी शोधगंगा, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, उघडावी. तिथं गाईडच्या नावानं शोधता येतं. किती प्रबंध पूर्ण झाले आणि नोंदणीपासून किती वर्षं लागली ते बघा. एका प्रबंधाला सहा वर्षं लागली तर कारणं काहीही असू शकतात. एकाच गाईडकडे प्रत्येकालाच सहा लागली असतील, तर कारण तिथंच आहे.

तिसरी, माणसं. संशोधनाच्या बाजूला: शिक्षकांचे मागच्या तीन वर्षांतले शोधनिबंध कोणत्या नियतकालिकांत आले, चालू प्रकल्पाला पैसे कोणाचे आहेत, आणि सध्या किती पीएच.डी. विद्यार्थी आहेत. नियमानं प्राध्यापक एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापक ६ आणि सहायक प्राध्यापक ४ विद्यार्थी घेऊ शकतात. आठही जागा भरलेल्या प्राध्यापकांकडे नववा म्हणून 'बघू पुढच्या वर्षी' या आश्वासनावर थांबू नका. व्यवसायाच्या बाजूला: शिकवणाऱ्यांपैकी कितींनी बाहेर पाच वर्षं तरी काम केलंय? 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस', म्हणजे प्रत्यक्ष व्यवसायातून शिकवायला बोलावलेले, नेमलेले असतील तर ते आठवड्याला किती तास येतात? या पदासाठी किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे नावं मोठी असतात. पण वर्षातून एक व्याख्यान देऊन जाणारा मोठा माणूस तुम्हाला काही शिकवू शकत नाही.

आणि चौथी गोष्ट, सर्वांत उपयोगाची: शेवटच्या वर्षाच्या मुलांशी कँटीनमध्ये बोला. 'कसा आहे कोर्स?' असं विचारलं तर 'चांगला आहे' एवढंच ऐकायला मिळतं. नेमकं विचारा. मागच्या आठवड्यात लॅबमध्ये किती तास होतास? प्रकल्पाचा विषय कोणी ठरवला? गाईड शेवटचे कधी भेटले? जर्नल स्वतःच्या आकड्यांनी भरतोस की वरच्या बॅचच्या? हा शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळातच बरंच कळतं. जिथं प्रात्यक्षिकाची जर्नलं उतरवली जातात तिथं ना हात तयार होतो ना डोकं.

इंटर्नशिप खरी की कागदाची

व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमाचा जीव इंटर्नशिपमध्ये असतो, आणि फसवणूकही तिथंच जास्त. विद्यार्थ्यानं पैसे देऊन मिळणारी इंटर्नशिप ही प्रमाणपत्राची विक्री आहे, ती घेऊ नये. कॉलेजला विचारा: मागच्या वर्षी किती मुलं कोणत्या कंपन्यांत गेली, किती आठवडे, विद्यावेतन किती, आणि त्यांपैकी कितींना तिथंच नोकरी मिळाली. उत्तरात कंपन्यांचे लोगो दाखवले तर आकडे मागा. 'सामंजस्य करार' झालाय म्हणजे मुलं जातात असं होत नाही.

ॲप्रेंटिसशिपची स्थिती वेगळी आणि जास्त भक्कम आहे, कारण तिला १९६१ च्या कायद्याचा आधार आहे. पदवी किंवा डिप्लोमानंतरची ॲप्रेंटिसशिप केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर नोंदवली जाते, करार होतो आणि विद्यावेतन ठरलेलं असतं. पदवीच्या आतच ॲप्रेंटिसशिप असलेले अभ्यासक्रमही आता आलेत; त्यांत निदान एक अख्खं सत्र कंपनीत जायला हवं. प्रवेशाआधी कराराचा नमुना मागून घ्या आणि त्यात तीन गोष्टी पाहा: काम कोणत्या विभागात, देखरेख कोणाची, आणि मध्येच कंपनीनं नकार दिला तर ते क्रेडिट कसे भरून निघणार. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी तयार नसतं. ते लेखी मिळवा.

भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यातले छोटे कारखाने या बाबतीत कमी लेखू नका. मोठ्या कंपनीत विद्यार्थ्याला एका टेबलावर बसवून एक्सेल भरायला देतात. वीस माणसांच्या टूलरूममध्ये ड्रॉइंगपासून डिस्पॅचपर्यंत सगळं बघायला मिळतं, चूक झाली तर मालक स्वतः समोर उभा राहून सांगतो.

स्वतःची चाचणी

'मला संशोधनाची आवड आहे' हे वाक्य बहुतेकदा एखादं चांगलं व्याख्यान ऐकून तयार झालेलं असतं. ते तपासून घ्यायला फार खर्च लागत नाही.

संशोधनासाठी: तुमच्या विषयातला आठ-दहा पानांचा एक शोधनिबंध निवडा, आढावा घेणारा नको, मूळ कामाचा. एका शनिवार-रविवारात वाचा. एका पानावर चार गोष्टी लिहा: प्रश्न काय होता, पद्धत कोणती, त्यातला एक आलेख स्वतःच्या शब्दांत, आणि तुम्हाला न पटलेली एक जागा. पुढच्या आठवड्यात त्याच विषयावरचा दुसरा. असं चार आठवडे. पहिला निबंध सगळ्यांनाच जड जातो, त्याचं काही नाही. तिसऱ्या आठवड्यात काय होतं ते महत्त्वाचं: न पटलेल्या जागा वाढत जाताहेत आणि त्या डोक्यातून जात नाहीत, की पान भरायचं म्हणून भरताय? चौथा निबंध उघडावासाच वाटला नाही, तर पीएच.डी.ची पाच वर्षं कठीण जातील.

हातकामासाठी: खऱ्या गरजवंताचं, मुदत असलेलं एक काम घ्या. ओळखीच्या दुकानाची साठ्याची नोंद संगणकावर आणा, गृहनिर्माण संस्थेच्या पंपाचा वीजवापर महिनाभर मोजून बिलाशी ताळा घाला, एखाद्या संस्थेचे हिशेब वर्षअखेरीला लावून द्या. काम संपल्यावर पंधरा दिवसांनी त्या माणसाकडे परत जा आणि ते अजून वापरात आहे का ते बघा. तो 'इथं जरा बदल हवा' म्हणाला तेव्हा तुम्हाला वैताग आला की हुरूप आला, याचं प्रामाणिक उत्तर द्या.

रसायनशास्त्राच्या मुलांसाठी एकच प्रयोग दोन्हीकडचा कल दाखवतो. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटनं दहा वेळा प्रमाणित करा. बुरेटचं वाचन २० मिलीच्या आसपास असेल तर ०.१ मिलीचा फरक म्हणजे अर्धा टक्का. दहाही वाचनं त्या आत आणायची जिद्द वाटली तर क्यूसीत तुमचं चांगलं जमेल. दुपारी घेतलेली वाचनं सकाळच्यापेक्षा सरकलेली का आहेत, हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात गेला का, याचाच विचार करत बसलात तर दुसरीकडे बघा.

शक्य असेल तर उन्हाळ्याचे दोन महिने खऱ्या जागी घालवा. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप दोन महिन्यांची असते. आयुकात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतला उपक्रम असतो. तिथं निवड नाही झाली तर पाषाण रस्त्यावरच्या संस्थांतल्या किंवा विद्यापीठातल्या एका संशोधकाला थेट पत्र लिहा. पत्र दहा ओळींचं: त्यांचा कोणता निबंध वाचला, त्यात काय कळलं नाही, तुम्हाला कोणती तंत्रं येतात, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत. शंभर जणांना तोच मजकूर पाठवलेला ओळखू येतो आणि त्याला उत्तर येत नाही.

वर्षं आणि पैसा

घरात हा हिशेब उघडपणे मांडायला हवा. संशोधनाचा रस्ता बारावीनंतर पाच वर्षं, मग पीएच.डी. नियमानं किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षं; विज्ञानात पाच वर्षं धरून चाला. म्हणजे वयाची अठ्ठाविशी. या काळात नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, आणि दोन वर्षांनंतर सीनिअर झाल्यावर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. पण ही फेलोशिप पाच वर्षांपुरती. सहावं वर्ष लागलं तर ते बिनपैशाचं असू शकतं, आणि प्रबंध लिहिण्याचं वर्ष नेमकं तेच असतं.

जेआरएफ न मिळता नुसती पीएच.डी.साठीची पात्रता मिळाली, तर प्रवेश होऊ शकतो, पैसे मिळतीलच असं नाही. अशा वेळी वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या बार्टी, सारथी, महाज्योती किंवा टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी तुम्ही पात्र आहात का ते आधी बघा. यांतल्या बार्टी, सारथी आणि टीआरटीआयची मुख्यालयं पुण्यातच आहेत, प्रत्यक्ष जाऊन चौकशी करता येते. एम.टेक.ला गेट या प्रवेश परीक्षेत पात्र ठरलेल्या विद्यार्थ्यांना महिना १२,४०० रुपये मिळतात. मूलभूत विज्ञानात पदवी घेणाऱ्या, बारावीला आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांसाठी केंद्राच्या इन्स्पायर योजनेची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. बरीच पात्र मुलं अर्जच करत नाहीत.

हातकामाच्या रस्त्यावर कमाई लवकर सुरू होते, पण फी बऱ्याचदा विद्यार्थ्याच्या खिशातून जाते. कर्ज काढायचं असेल तर कॉलेजनं सांगितलेलं सर्वोच्च पॅकेज विसरा. बॅचच्या मधल्या मुलाचा पगार विचारा, आणि कर्जाचा हप्ता त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको.

नंतर बाजू बदलायची झाली तर

प्रवेशाआधीच परतीची वाट बघून ठेवा. ती सगळीकडे सारखी नाही. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असले की पीएच.डी.ची पात्रता येते. आरक्षित प्रवर्गांना यात ५ टक्क्यांची सवलत आहे. म्हणून नोकरीकडे जायचं ठरवलेल्यांनीही पदव्युत्तर पदवीचे गुण ५५ च्या खाली जाऊ देऊ नयेत. ५३ टक्क्यांवर थांबलेल्यांना दहा वर्षांनी परतावंसं वाटलं, तर दार बंद मिळतं.

पीजी डिप्लोमा ही पदवी नव्हे. पीजी-डॅकमुळे नोकरी लागते, पण तेवढ्यावर पीएच.डी.ला नोंदणी होत नाही. बी.व्होक. ही पूर्ण पदवी आहे, तरी त्यानंतर एम.एस्सी.च्या विशिष्ट विषयाला प्रवेश मिळेल का, हे त्या विद्यापीठाच्या पात्रतेच्या ओळीत वाचून घ्या. पुरेसे मूलभूत विषय झालेले नसल्यानं अर्ज अडतात. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांची अडचण बहुधा गणित असते. हात चांगला, प्रोजेक्ट उत्तम, पण गेटच्या वेळी पहिल्या वर्षाचं गणित राहून गेलेलं. संशोधनाकडे वळायचं असेल तर एक सुट्टी फक्त रेषीय बीजगणित आणि विकल समीकरणांना द्या.

संशोधनातून नोकरीकडे येणं त्यामानानं सोपं, फक्त वेळेत ठरवावं लागतं. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मन नाही म्हणत असेल तर तेव्हाच गाईडशी बोला. चौथ्या वर्षी सोडणाऱ्याकडे प्रबंधही नसतो आणि अनुभवाचं पत्रही नसतं.

जर्मनी आणि नेदरलँड्सला जाणाऱ्यांसाठी

तिथं हा भेद संस्थेच्या प्रकारातच आहे. जर्मनीत साधी विद्यापीठं वेगळी आणि उपयोजित विज्ञानांची, ज्यांना इथले सल्लागार 'एफएच' म्हणतात, ती वेगळी. एफएचच्या प्राध्यापकांना साधारणपणे पाच वर्षांचा कामाचा अनुभव, त्यातला तीन वर्षांचा तरी उच्च शिक्षणाबाहेरचा, लागतो. ते आठवड्याला सुमारे १८ तास शिकवतात, विद्यापीठातले त्याच्या निम्मे. त्यामुळे एफएचमध्ये शिकवणं जास्त मिळतं, संशोधनाचा वेळ कमी. एफएचच्या मास्टर्सनंतर डॉक्टरेट करता येते, पण ती बहुतेकदा एखाद्या विद्यापीठाच्या साथीनं. स्वतः डॉक्टरेट देण्याचा अधिकार मोजक्याच ठिकाणी आहे. नेदरलँड्समध्ये एचबीओची, म्हणजे उपयोजित शिक्षणाची, पदवी चार वर्षांची आणि संशोधन विद्यापीठाची, म्हणजे डब्ल्यूओची, तीन वर्षांची. एचबीओतून विद्यापीठाच्या मास्टर्सला जाताना बऱ्याचदा मध्ये एक पूर्वतयारीचा टप्पा पार करावा लागतो. जर्मन व्हिसासाठी शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो, आणि कंपनीत इंटर्नशिप हवी असेल तर जर्मन भाषा बी-१ पातळीच्या पुढं न्यायला हवी. मॅक्सम्युलर भवनाचे वर्ग प्रवेशाच्या वर्षी सुरू करून ते होत नाही.

अर्जांचं वर्ष

दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर अर्ज एकाच वर्षात, पण वेगवेगळ्या ऋतूंत भरावे लागतात. आयआयटींच्या एम.एस्सी.साठी आणि बऱ्याच एकात्मिक पीएच.डी.साठी लागणाऱ्या जॅम परीक्षेचे, तसेच गेटचे फॉर्म पावसाळा संपताना निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. उन्हाळी फेलोशिपचे अर्ज हिवाळ्याच्या तोंडाशी. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या फेऱ्यांत. सी-डॅकची प्रवेश परीक्षा सी-कॅटही वर्षातून दोनदा. बारावीच्या मुलांसाठी एमएचटी-सीईटी आणि आयसरची प्रवेश परीक्षा आयएटी उन्हाळ्यात, एकमेकींच्या जवळ. आयएटीत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा. अकरावीत गणित किंवा जीवशास्त्र सोडलेल्यांना इथं पंधरा प्रश्नांचा फटका बसतो, तेव्हा आयसरचा विचार असेल तर विषय निवडतानाच चारही ठेवा.

अर्जांसोबत कागद लागतात: सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, एबीसी, म्हणजे क्रेडिट साठवण्याच्या, खात्याचा क्रमांक, जातीचं आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, आणि संशोधनाच्या बाजूला दोन शिक्षकांची शिफारसपत्रं. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपत नाही ना ते बघा. नवं काढायला तहसील कार्यालयात जून-जुलैत रांगा असतात, म्हणून ते एप्रिलमध्येच काढून ठेवा. शिफारसपत्र मागताना शिक्षकांना तुमचा प्रकल्प अहवाल, गुणपत्रिका आणि अर्जाची शेवटची तारीख एकत्र द्या, निदान तीन आठवडे आधी.